स्त्रियांच्या अनुशेषाचा हिशेब कोण मागणार?

(संस्थेच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हाला दिलेला विषय ऐकायला जड आहे. सरकारे स्त्री-पुरुष समतेची जी वचने देतात, त्या वचनांचा जाब प्रादेशिक पातळीवरच्या संस्था कशा विचारतात, असा तो विषय. हा विषय दिल्लीचा किंवा जिनिव्हाचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे मागच्या रांगेत बसलेल्या आयाबहिणींना वाटेल. परंतु मराठवाड्याच्या माणसाला या विषयाची किल्ली चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. 'अनुशेष' हा एकच शब्द ती किल्ली आहे.

१९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने सत्यशोधन समिती नेमली. या समितीने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी क्षेत्रे घेतली, राज्याची सरासरी काढली आणि प्रत्येक जिल्हा त्या सरासरीच्या किती मागे आहे ते रुपयांत मांडले. तोपर्यंत आपण 'आमच्यावर अन्याय झाला' एवढेच म्हणत होतो. समितीचा अहवाल आल्यावर अन्याय किती झाला हे सांगता येऊ लागले. पुढे राज्यघटनेच्या कलम ३७१(२) नुसार १९९४ मध्ये मराठवाडा वैधानिक विकास मंडळ स्थापन झाले आणि त्या मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवणे बंधनकारक झाले. जिंतूरचा शेतकरीसुद्धा 'सिंचनाचा अनुशेष' हा शब्द सहज वापरू लागला तो यामुळे.

त्याच १९९४ सालच्या २२ जून रोजी महाराष्ट्राने आपले पहिले महिला धोरण अमलात आणले. त्याच दिवसापासून हिंदू वारसा कायद्यातील राज्याची दुरुस्तीही लागू झाली आणि वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्माने हक्क मिळाला. अर्थात त्या तारखेपूर्वी ज्यांची लग्ने झाली होती त्या मुलींना वगळून. म्हणजे एकाच वर्षी मागास विभागाचा अनुशेष भरून काढण्याचे वचनही दिले गेले आणि स्त्रियांना बरोबरीचे स्थान देण्याचे वचनही दिले गेले. पण ही दोन वचने एकमेकांना कधी भेटलीच नाहीत. दांडेकर समितीच्या क्षेत्रांमध्ये स्त्री हे वेगळे क्षेत्र नव्हते आणि महिला धोरणापाशी दांडेकरांसारखी जिल्हानिहाय मोजपट्टी नव्हती. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे की, स्त्रियांना दिलेल्या वचनांचाही अनुशेष असतो, तो मोजता येतो, आणि तो मोजून मागणारी जागा रिकामी असेल तर उत्तम धोरणसुद्धा कपाटात पडून राहते.

हा हिशेब मागण्याची रीत आपल्याला परकी नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार स्त्रीच्या बाळंतपणाच्या विश्रांतीचा प्रश्न राष्ट्रहिताचा ठरवला आणि त्या खर्चात शासनानेही वाटा उचलला पाहिजे अशी बाजू मांडली. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली, तेव्हा हजारो बायका आल्या आणि त्यांनी ठराव केले. ठराव करणे म्हणजे काय, तर आपली मागणी लेखी करून ठेवणे, म्हणजे उद्या विचारता येते. आणि १९५१ साली हिंदू कोड बिल मंत्रिमंडळाने मान्य करूनही जेव्हा अर्ध्यावर सोडून देण्यात आले, तेव्हा २७ सप्टेंबरला कायदेमंत्र्यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणे एकापेक्षा जास्त होती, त्यांनी ती स्वतःच आपल्या निवेदनात सांगितली आहेत. परंतु स्त्रियांना दिलेला शब्द सरकारने पाळला नाही म्हणून मंत्र्याने खुर्ची सोडली, असे उदाहरण शोधू गेल्यास आम्हाला दुसरे चटकन आठवत नाही.

त्या बिलाचे तुकडे १९५५ आणि १९५६ मध्ये कायदे होऊन आले. मुलीला जन्माने समान वाटा मिळण्यास आपल्या राज्यात १९९४ साल आणि देशभर २००५ साल उजाडावे लागले. वडील २००५ साली हयात होते की नव्हते यावरून कोर्टात जो घोळ चालू होता, तो सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मिटवला आणि मुलीचा हक्क जन्माचा आहे, वडिलांच्या हयातीशी त्याचा संबंध नाही, असे सांगितले. हा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण तो आपल्याला लागू नाही असे सांगणारे लोक आपल्या वस्त्यांमध्ये भेटतात. कायदा असा स्पष्ट झाला, तरी तलाठ्याच्या दप्तरात काय घडते? वडील गेले की वारसाची नोंद होते, बहिणींची नावे लागतात आणि थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्र होऊन ती नावे कमीही होतात. बहिणीने आनंदाने सोडले असेल तर आमचे काही म्हणणे नाही. पण तालुक्यात गेल्या वर्षात किती फेरफार झाले, त्यांत किती बहिणींची नावे लागली आणि किती उतरली, हा आकडा कोणी मागितला आहे काय? सिंचनाखालच्या हेक्टरांचा आकडा दरवर्षी मागितला जातो.

आता थोडे बाहेरच्या जगाकडे पाहू. आफ्रिका खंड म्हटले की आपल्याकडे दुष्काळ आणि दारिद्र्य एवढेच डोळ्यांपुढे येते. पण या एका बाबतीत त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. तेथील देशांच्या संघटनेने २००३ साली मापुतो या शहरात स्त्रियांच्या हक्कांचा एक करार मान्य केला आणि २००५ पासून तो अमलात आला. सही करणाऱ्या देशाने ठरावीक काळाने अहवाल द्यायचा, असे त्यात आहे. पश्चिम आफ्रिकेच्या देशांचे एक वेगळे न्यायालयही आहे. सिएरा लिओन या छोट्या देशात इबोलाच्या साथीत शाळा बंद पडल्या आणि त्या २०१५ मध्ये उघडल्या तेव्हा सरकारने गरोदर मुलींना शाळेत बसण्यास बंदी केली. साथीच्या काळात ज्या मुलींवर अत्याचार झाले त्यांनाच शिक्षा. तेथील संघटना आपल्या देशापुरत्या थांबल्या नाहीत, त्या प्रादेशिक न्यायालयात गेल्या. १२ डिसेंबर २०१९ रोजी त्या न्यायालयाने ही बंदी भेदभावाची आहे असा निकाल दिला आणि मार्च २०२० मध्ये सरकारने बंदी उठवली. चार ओळींच्या आदेशाने बंद केलेले शाळेचे दार उघडायला पाच वर्षे लागली, पण उघडले.

दक्षिण आफ्रिकेकडच्या देशांनी २००८ साली असाच करार केला. त्याची खुबी अशी की, त्यात वर्ष घालून उद्दिष्टे दिलेली होती. मग स्वयंसेवी संघटनांच्या आघाडीने २००९ पासून दरवर्षी एक प्रगतिपुस्तकच काढायला सुरुवात केली. कोणता देश किती पुढे, कोणता किती मागे, एकाखाली एक. शेजारच्या देशाखाली आपले नाव छापून येणे कोणत्याही मंत्र्याला आवडत नाही. दांडेकरांनी जिल्ह्यांचे जे केले तेच तेथे देशांचे झाले.

ब्राझीलमधील मारिया दा पेन्या यांची हकिगत तर प्रत्येक महिला मंडळात सांगावी अशी आहे. १९८३ मध्ये नवऱ्याने त्यांच्यावर गोळी झाडली आणि त्या कायमच्या अपंग झाल्या. खटला पंधरा वर्षे रेंगाळला. १९९८ मध्ये त्यांचे प्रकरण अमेरिका खंडातील देशांच्या मानवी हक्क आयोगाकडे गेले. या देशांनी १९९४ मध्ये, म्हणजे आपल्या महिला धोरणाच्याच वर्षी, स्त्रियांवरील हिंसाचार थांबवण्याचा करार केलेला होता. आयोगाने २००१ मध्ये सांगितले की, गुन्हा नवऱ्याचा असला तरी न्याय न देण्याची जबाबदारी ब्राझील सरकारची आहे. २००६ मध्ये ब्राझीलने कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा केला आणि लोक त्याला याच बाईंच्या नावाने ओळखतात.

मग आपल्या दक्षिण आशियात काय आहे? सार्क नावाची संघटना १९८५ पासून आहे. स्त्रिया आणि मुलांची विक्री रोखण्याचा एक करार तिने २००२ साली केला. परंतु वादाचे विषय काढायचे नाहीत असे सार्कच्या सनदेतच लिहिलेले असल्यामुळे एखाद्या बाईने आपल्या सरकारविरुद्ध जाऊन उभे राहावे असे दार तेथे नाही. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर तर राष्ट्रप्रमुख पुन्हा एकत्र बसलेलेच नाहीत. संयुक्त राष्ट्रांचा स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याचा करार भारताने १९९३ मध्ये मंजूर केला, पण व्यक्तीला थेट तक्रार करू देणाऱ्या त्याच्या जोडकराराला मान्यता दिली नाही. सारांश, परभणीच्या बाईला सिएरा लिओनच्या मुलीसारखे देशाबाहेर जाऊन दाद मागण्याचे ठिकाण नाही.

तरीही त्या १९९३ च्या मंजुरीचा उपयोग झाला, आणि तो एका गरीब बाईमुळे झाला. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात काम करीत होत्या. बालविवाहाला विरोध केला म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्या प्रकरणातून महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात जी याचिका केली तिचा निकाल १९९७ मध्ये लागला. तो 'विशाखा' निकाल. देशात त्या वेळी कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा नव्हता, म्हणून न्यायालयाने त्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला. कायदा मात्र २०१३ मध्ये आला. त्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती असावी लागते. जेथे दहापेक्षा कमी माणसे कामाला आहेत तेथील बाई, घरकाम करणारी बाई, या सगळ्यांसाठी ती समिती आहे. तिने वर्षाचा अहवाल द्यायचा आणि जिल्हा अधिकाऱ्याने तो संक्षेपाने राज्य शासनाला कळवायचा. दहा वर्षे उलटल्यावरही देशातील अनेक जिल्ह्यांत हे नीट झाले नाही, म्हणून गोव्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला २०२३ आणि २०२४ मध्ये पुन्हा आदेश द्यावे लागले. येथे बसलेल्या भगिनींपैकी किती जणींनी आपल्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीचे नाव ऐकले आहे, हात वर करायला आम्ही सांगत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न वर्तमानपत्रांत गाजला. एक खाडा झाला तरी उचलीतून दंड कापला जातो, पाळीच्या दिवसांत फडात पाणी नाही, आडोसा नाही, आणि दुखणे घेऊन दवाखान्यात गेले तर पिशवी काढण्याचा सल्ला. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची नोंद झाली आणि त्यांतील १३ हजारांवर स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. कामगारांची नोंदणी करावी, हंगामापूर्वी आणि हंगामानंतर आरोग्य तपासणी करावी, अशा शिफारशी झाल्या. प्रश्न विचारणारी समिती असली, तिच्यापाशी अधिकार असला आणि आकडा मोजला गेला, की काय होते त्याचे हे उदाहरण आहे. पण ती मोजणी बीड जिल्ह्याची होती. गंगाखेड, सोनपेठ या भागांतूनही कोयते जातात. परळी आणि गंगाखेड यांच्यामध्ये एक शीव आहे, आणि ती ओलांडून आलेल्या बाईचे दुखणे काही वेगळे नसते.

बीडचा आणखी एक आकडा आपण विसरू नये. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात तेथे एक हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ८९४ होत्या. खरे म्हणजे गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला होता आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. तो राबवलाच जात नाही म्हणून मुंबईची सेहत, पुण्याची मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. तेव्हा कुठे राज्यांना सोनोग्राफी यंत्रांची नोंदणी आणि त्रैमासिक अहवाल यांचा हिशेब द्यावा लागला. कायदा करणारेही आपणच आणि तो राबवा म्हणून कोर्टात जाणारेही आपणच. यात अभिमान कशाचा बाळगावा हे ज्याचे त्याने ठरवावे.

हिशेब मागायच्या जागा आपल्याकडे नाहीत असे नाही. राज्य महिला आयोग १९९३ पासून आहे. जिल्हा परिषदेत महिला व बालकल्याण समिती आहे. पण या जागांचे काय होते ते पाहा. फेब्रुवारी २०२० मध्ये राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि नवीन अध्यक्ष नेमल्या गेल्या त्या ऑक्टोबर २०२१ मध्ये. मधला सगळा काळ टाळेबंदीचा, घरात कोंडलेल्या बायकांनी मार खाण्याचा. मराठवाडा विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि मुदतवाढ मिळाली नाही. मार्च २०२२ मध्ये परभणी जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि निवडणूक तीन वर्षांहून अधिक काळ लांबली. २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत हे आपण अभिमानाने सांगतो, पण सभागृहच नसेल तर निम्म्या जागा कोणत्या? त्या काळात जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातील महिला व बालकल्याणाचा दहा टक्के निधी कोठे खर्च झाला, हे सभेत उठून विचारणारी सदस्याच नव्हती. मागासवर्गीयांच्या वीस टक्के सेसचा हिशेब आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतो, त्यासाठी आपण धरणे धरली आहेत. दहा टक्क्यांची तशी उजळणी आपल्या सभांत कधी होत नाही.

आणि धोरणे? १९९४ चे पहिले, २००१ चे दुसरे, २०१४ चे तिसरे, २०२४ च्या महिला दिनाला जाहीर झालेले चौथे. मधली अंतरे सात, तेरा आणि दहा वर्षांची. प्रत्येक वेळी नवे पुस्तक निघते, जुन्या पुस्तकातले किती झाले याचा जिल्हावार तक्ता आमच्या पाहण्यात आलेला नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेत महिना पंधराशे रुपये बायकांच्या खात्यात थेट येऊ लागले. त्या पैशाने कोणाच्या घरात औषध आले, कोणाची फी भरली गेली, त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. फक्त ओवाळणी आणि वाटणी यांतला फरक आपण ओळखावा. ओवाळणी भाऊ देईल तेवढी घ्यायची असते, तिचा हिशेब बहीण मागत नाही. वाटणी मात्र मोजून घ्यायची असते.

मग करायचे काय? मुंबईची खुर्ची रिकामी राहिली तरी आपल्या गावात एक जागा आहे जी कोणी बरखास्त करू शकत नाही. ग्रामपंचायत कायद्यातील २००३ च्या दुरुस्तीप्रमाणे नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची सभा घेणे बंधनकारक आहे. बहुतेक गावांत ती रजिस्टरात होते. शिपाई घरोघर सह्या आणि अंगठे घेऊन जातो आणि सभा झाली असे लिहिले जाते. भगिनींनो, त्या रजिस्टरावर सभेशिवाय सही करू नका. एवढे एक केले तरी ग्रामसेवकाला सभा घ्यावी लागेल.

त्या सभेत भाषण नको, प्रश्न न्यावेत. गावात या वर्षी किती वारस नोंदी झाल्या आणि किती मुलींची नावे उताऱ्यावर राहिली. घरकुल मिळाले त्यांतील किती घरांना घरधनिणीचे नाव आहे. ऊसतोडणीला किती बायका गेल्या आणि जाण्यापूर्वी किती जणींची तपासणी झाली. सातवी-आठवीनंतर किती मुली शाळेतून कमी झाल्या. उत्तर मिळाले नाही तर ठरावात तसे लिहून घ्यावे, म्हणजे 'माहिती उपलब्ध नाही' हेही शासनाच्या कागदावर येते. जिल्ह्याच्या पातळीवरचे प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साध्या कागदावर अर्ज, आणि तीस दिवसांची मुदत. दारिद्र्यरेषेखालील बहिणींना ते दहा रुपयेही लागत नाहीत.

आपल्या विहारांतून दर पौर्णिमेला बायका जमतात. वंदना झाल्यावर अर्धा तास या कामाला द्यावा, असे आम्ही सुचवतो. एक दोनशे पानी वही, पानावर उभ्या रेघा मारून पाच रकाने: गाव, प्रश्न, अर्जाची तारीख, उत्तराची तारीख, काय उत्तर आले. ज्या मुलींचे शिक्षण झाले आहे त्यांनी ती लिहावी. पूर्णा, पाथरी, मानवत, सेलू, पालम, प्रत्येक तालुक्यात एक वही झाली की जिल्ह्याची नऊ होतील, आणि वर्षाने त्या एकत्र मांडून पुढच्या मेळाव्यात वाचता येतील. ग्रामसभा बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. त्यांच्या आधीच्या महिला सभेची नोटीस किती दिवस अगोदर निघते, कोठे चिकटवली जाते, तिच्यावर तारीख असते की नाही, हा पहिल्या पानावरचा पहिला प्रश्न असावा.